रेचल जेकब्स हे नाव : ‘द गर्ल फ्रॉम फॉरेन’च्या निमित्ताने

आपल्या घराण्याचे मूळ शोधण्याची हौस मराठी माणसाला जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मराठीत कुलवृत्तांत निघू लागले. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, इनामाच्या सनदा आणि पिढ्यांचे वृक्ष अशी त्यांची ठरलेली मांडणी असते. बडोद्यातील आपल्या जुन्या घरांतून असा एखादा जाडजूड ग्रंथ फडताळात सापडतोच, मग तो कोणी उघडून पाहिलेला असो वा नसो. हा सारा शोध बहुतेक पुरुषांनी, पुरुषांच्या नावे असलेल्या कागदांवरून आणि पुरुषांच्या वंशापुरता केलेला असतो. ज्या घरात सनद नाही, वतन नाही, दप्तर नाही, अशा घराने आपले मूळ कसे शोधावे? त्यातही एखाद्या स्त्रीला ते शोधावेसे वाटले तर तिने कशाचा आधार घ्यावा? सादिया शेपर्ड यांचे ‘द गर्ल फ्रॉम फॉरेन’ हे इंग्रजी आत्मकथन २००८ साली प्रसिद्ध झाले. पुस्तकाला आता बराच काळ लोटला आहे, परंतु आपल्या मंडळींच्या वाचनात ते फारसे आलेले दिसत नाही. ते यावे असे आम्हांस वाटते, आणि त्याचे कारण पुस्तकाच्या वेष्टनावर लिहिलेल्या कारणाहून वेगळे आहे.

कथा थोडक्यात अशी. लेखिका अमेरिकेत बोस्टन शहरालगत वाढली. वडील रिचर्ड शेपर्ड अमेरिकन ख्रिस्ती, आई समीना कुरेशी पाकिस्तानी मुसलमान. त्या स्वतः चित्रकार आणि लेखिका म्हणून नावाजलेल्या. घरात आईची आई राहत असे. नातवंडे तिला ‘नाना’ म्हणत. या आजीचे नाव राहत सिद्दिकी. ती नमाज पढणारी, कराचीहून आलेली, चारचौघींसारखी मुसलमान आजी आहे, असेच नात समजून होती. तेरा वर्षांची असताना आजीच्या वस्तूंत तिला नाव कोरलेली एक लहानशी पिन सापडली. नाव होते रेचल जेकब्स. ही कोण, असे विचारल्यावर आजीने सांगितले, की लग्नापूर्वी माझे हे नाव होते. आजी मुंबईच्या बेने इस्राएल समाजातली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांतली. वडिलांच्या परिचयातल्या एका मुसलमान गृहस्थाशी तिने घरी न सांगता विवाह केला. त्यांना आधीच्या बायका होत्या. फाळणी झाली, कुटुंब कराचीला गेले, आणि रेचलची राहत झाली ती कायमची. अखेरच्या दिवसांत तिने नातीकडून वचन घेतले, की तू हिंदुस्थानात जा आणि माझ्या लोकांचा शोध घे. २००१ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन नात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आली आणि तेथून कॅमेरा घेऊन मुंबई, अलिबाग, रेवदंडा असा प्रवास करीत राहिली. या शोधावर तिने ‘इन सर्च ऑफ द बेने इस्राएल’ हा माहितीपटही केला.

बेने इस्राएलांविषयी आपल्याकडच्या तरुण वाचकाला फार माहिती असेल असे नाही, म्हणून दोन शब्द. अलिबागजवळ नवगाव येथे फार पूर्वी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणातल्या खेड्यांत ते तेलाच्या घाण्यांवर काम करीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. आडनावे गावांवरून घेतली : किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर. चित्रपटांतले सुप्रसिद्ध डेव्हिड हे चेऊलकरच. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी त्यांचे पहिले सभास्थान बांधले. सामाजी हसाजी या मराठी वळणाच्या नावानेही ते ओळखले जात. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला पोहे, गूळ, नारळ आणि फळे यांचा मलिदा दाखवायची त्यांची रीत आहे. वल्हांडणाच्या सणाला वाचायची त्यांची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापली गेली. पुण्यात १८७४ साली निघालेल्या आवृत्तीतल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दाखविल्या आहेत. १८८०च्या सुमारास हरिकीर्तनाच्या धर्तीवर बायबलमधल्या कथांची मराठी कीर्तनेही या समाजात रचली जाऊ लागली. हे सारे एवढ्यासाठी सांगितले, की रेचल जेकब्स ही कोणा दूरदेशीची नव्हे. तिचे पूर्वज आणि आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज यांच्यात एखाद्या खाडीचे किंवा दोन पाखाड्यांचेच अंतर असेल.

पुस्तकाचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. लेखिका छायाचित्रकार आहे आणि तिची दृष्टी छायाचित्रकाराची आहे. माणसे बोलू लागेपर्यंत थांबण्याची सवय तिला आहे. किनाऱ्यावरची थोडी उरलेली बेने इस्राएल घरे, ज्यांची मुले-नातवंडे इस्रायलला गेली आहेत अशी वृद्ध माणसे, फार थोड्यांसाठी उघडली जाणारी सभास्थाने यांविषयी ती लिहिते तेव्हा गळा काढीत नाही. आपण परदेशातून आलेली, हातात कॅमेरा असलेली मुलगी आहोत, समोरचा माणूस आपल्याला जे सांगतो आहे ते आपल्याला आवडावे म्हणूनही सांगत असेल, याची जाणीव तिने सोडलेली नाही. पुस्तकाच्या नावातही ती आहे : ‘फॉरेनची मुलगी’ हे आपल्याकडच्या बोलण्यातले इंग्रजी तिने जसेच्या तसे उचलले आहे. आजीच्या आयुष्याची प्रकरणे आणि स्वतःच्या प्रवासाची प्रकरणे ती एकमेकांत गुंफीत जाते. त्यांत आजीची प्रकरणे अधिक सरस उतरली आहेत. सवतींच्या घरात एका तरुण मुलीने कसे दिवस काढले असतील हे तिने रागावून किंवा कोणाचा निवाडा करून सांगितलेले नाही, आणि हा संयम आजच्या आत्मकथनांत सहसा आढळत नाही.

मात्र पुस्तकाची जी ख्याती झाली ती ‘दडवलेल्या वंशाचा शोध’ म्हणून. आमचा मतभेद येथूनच सुरू होतो.

दडवले कोणी होते? पिन आजीनेच जपून ठेवली होती. विचारल्याबरोबर तिने उत्तर दिले. तिने खोटे नाव सांगितले नाही की प्रश्न उडवून लावला नाही. मग तेरा वर्षे हे ‘गुपित’ का राहिले? आम्हांला याचे कारण साधे वाटते. आजीला लग्नापूर्वी एखादे नाव असेल, ती कोणा वेगळ्याच घरातली मुलगी असेल, हा प्रश्नच घरात कोणाला पडला नव्हता. वस्तू समोर आली तेव्हा तो पडला. रेचलच्या बाबतीत नावाबरोबर धर्म आणि देशही बदलला, म्हणून तिची गोष्ट जगाला अद्भुत वाटली. नाव बदलण्यापुरती मात्र ती गोष्ट आपल्या प्रत्येक घरात घडलेली आहे.

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताम्हनात अंगठीने नव्या सुनेचे नाव लिहीत. माहेरची यमुना सासरी रमा होई, गोदूची आनंदी होई. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई या माहेरच्या यमुना कुर्लेकर. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी याही मूळच्या यमुनाच. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई या माहेरच्या गोदू. ही नावे आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण या स्त्रियांनी स्वतः लिहिले किंवा त्यांच्याविषयी लिहिले गेले. ज्यांनी लिहिले नाही त्यांची माहेरची नावे त्यांच्याबरोबर गेली. तांदळात लिहिलेले नाव राहिले आणि पाळण्यात ठेवलेले नाव पुसले गेले.

दूर जायला नको. मांडवीहून निघून न्यायमंदिर, सूरसागर असे पुढे गेले की रावपुऱ्यात घड्याळाचा मनोरा लागतो. १८९६ साली तो श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ बांधला गेला. बोलताना आता सर्वजण ‘रावपुरा टॉवर’ म्हणतात. चिमणाबाईंचे नाव बोलण्यातून जवळजवळ गेले आहे. पण चिमणाबाई हे तरी त्यांचे मूळचे नाव कोठे होते? त्या तंजावरच्या मोहित्यांच्या कन्या लक्ष्मीबाई. १८८० साली त्या लग्न होऊन बडोद्यास आल्या, १८८५ साली अकाली गेल्या. त्यानंतर देवासच्या घाटग्यांकडून दुसऱ्या महाराणी आल्या. माहेरचे नाव गजराबाई, आणि बडोद्यात त्यांना मिळालेले नाव पुन्हा चिमणाबाईच. एकाच घराण्यात, एकाच नावाखाली दोन वेगळ्या स्त्रिया. एक तंजावरची, एक देवासची. या दुसऱ्या चिमणाबाई पुढे थोर झाल्या. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी १९११ साली एका सहलेखकाबरोबर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा. एवढे कर्तृत्व असूनही गजराबाई हे नाव आपल्यापैकी किती जणांच्या ओठांवर येते?

आता याच्या शेजारी महाराजांचे उदाहरण ठेवून पाहावे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाले. त्यांचेही नाव बदलले. पण कवळाणे आणि गोपाळ ही दोन नावे बडोद्याच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात, आणि ती अभिमानाने सांगितली जातात. पुरुषाचे पूर्वीचे नाव त्याच्या चरित्राचा पहिला अध्याय होतो. स्त्रीच्या वाट्याला मात्र, फार तर, एखाद्या वस्तूवर कोरलेली चार अक्षरे येतात. रेचल जेकब्सच्या पिनेची खरी किंमत आम्हांस येथे दिसते. यहुदी असण्याचा पुरावा म्हणून आम्ही तिच्याकडे पाहत नाही. लग्नाने मोडले न गेलेले एक माणूस तिच्यावर उरले आहे, म्हणून पाहतो.

एक बारीक गोष्ट येथेच नोंदवितो. रेचल आणि राहत या दोन नावांत पहिले अक्षर एकच आहे. हिब्रूत रेचलचा अर्थ मेंढी. मराठी बायबलात हेच नाव राहेल असे येते. उर्दूत राहत म्हणजे दिलासा, विसावा. नवे नाव जुन्याच्या जवळचे निवडले गेले, ही बाब लहान असली तरी आम्हांस ती अर्थपूर्ण वाटते. पूर्ण दडवायचेच असते तर असे नाव कोणी ठेवले असते काय?

लेखिकेने मात्र या पिनेवरून धर्माचा प्रश्न उभा केला आहे. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे वंश आईकडून चालतो. त्या हिशेबाने आजी यहुदी, म्हणून आई यहुदी, म्हणून नात यहुदी. आणि बाप ख्रिस्ती, वाढलेली मुसलमान आईच्या घरात. मी या तिघांतली कोण, हा प्रश्न पुस्तकभर तिच्या मागे आहे. पाश्चात्त्य वाचकाला हा प्रश्न भावतो, कारण त्याच्या समाजात धर्म ही निवडायची गोष्ट झाली आहे. ‘हरवलेली जमात’, ‘गलबत फुटून आलेले लोक’ या कल्पनाही त्याला मोहवितात. गलबत फुटल्याची कल्पना तर मूळ उपशीर्षकातच आहे. आम्हांस हा भाग पातळ वाटला. गलबताची कथा सुंदर आहे, परंतु त्या कथेने बेने इस्राएल समजत नाहीत. ते समजतात ते घाण्याने, मलिद्याने आणि आडनावातल्या गावाने. रक्ताच्या शोधाला तर अंत नसतो. यहुदीपणाविषयी शंका घेतली गेल्यामुळे या समाजाला इस्रायलमध्ये झगडावे लागले आणि १९६४ साली तेथल्या संसदेला, हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत, असा ठराव करावा लागला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्या वंशात पश्चिम आशियातले यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश आढळले. त्याच वर्षी महाराष्ट्राने आणि २०१८ साली आपल्या गुजरातने यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. ठराव, अभ्यास आणि मान्यता आपापल्या ठिकाणी महत्त्वाच्याच आहेत. पण त्यांतून जमात कळते. सवतींच्या घरात राहून पिन जपणारी बाई त्यांतून कळत नाही.

आमचा मुख्य आक्षेप भाषेचा आहे. बेने इस्राएलांची घरची भाषा मराठी. इस्रायलमध्ये गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक वर्षानुवर्षे चालविले. हिब्रू ही प्रार्थनेची भाषा, इंग्रजी ही नोकरीची, आणि भांडणे, अंगाई, स्वयंपाक हे सारे मराठीत. रेचलच्या वारशाचा विचार करताना हा वारसा पुस्तकाच्या मध्यभागी असायला हवा होता. तेथे धर्म आहे आणि भाषा कडेला आहे. आजी उर्दूभाषी झाली, मुलगी उर्दू-इंग्रजीत वाढली, नात इंग्रजीत लिहिते. तीन पिढ्यांत धर्म तीन झाले याची नोंद होते, पण तीन पिढ्यांत एक भाषा गेली याची व्हावी तशी होत नाही. पिनेवरचे नावही पाहा. जेकब्स हे माणसाच्या नावावरून आलेले आडनाव आहे. ते पेणकर किंवा रोहेकर असते तर अलिबागच्या मोटारस्थानकावरच्या कोणीही नातीला गाडीत बसवून दिले असते. ‘कर’ गेला की गावही गेले. पिनेवर व्यक्ती सापडते, गाव सापडत नाही, आणि म्हणून नातीला सारा किनारा पालथा घालावा लागतो. मराठी वाचकाला हे पहिल्याच पानावर जाणवते.

येथे कराचीचाही उल्लेख केला पाहिजे. त्या शहरात मराठी माणसांची वस्ती होती. नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा तेथे आजही आहे. यहुद्यांचे सभास्थान १८९३ साली कराचीत बांधले ते सॉलोमन डेव्हिड उमेरडेकर यांनी. पुन्हा एक ‘कर’! १९८८ साली ते पाडले गेले. राहत सिद्दिकी ज्या शहरात मुसलमान गृहिणी म्हणून राहिल्या, त्याच शहरात एका मराठी आडनावाच्या माणसाने बांधलेले ते मंदिर त्या काळात उभे होते, ही गोष्ट आम्हांला पुस्तकातल्या कित्येक प्रसंगांपेक्षा अधिक बोलकी वाटते. परमुलुखात राहिलेल्या मराठी माणसाच्या पाऊलखुणा किती ठिकाणी आहेत आणि त्या किती पटकन पुसतात, हे आपल्यासारख्यांना कोणी समजावून सांगायला नको. १७३४ साली गायकवाडांनी बडोदे घेतले तेव्हापासून आपण येथे आहोत, पण घरातल्या मोडी कागदांची पुरचुंडी वाचणारा आता आपल्या गल्लीत मिळत नाही.

याच समाजाची आणखी एक रेचल इंग्रजी साहित्यात आहे. आपल्या शेजारच्या अहमदाबादच्या लेखिका एस्थर डेव्हिड यांची. त्यांचे वडील रूबेन डेव्हिड यांनी कांकरियाचे प्राणिसंग्रहालय उभारले, हे येथील वाचकांना ठाऊक आहेच. एस्थरबाईंच्या ‘बुक ऑफ रेचल’ या कादंबरीला २०१० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या रेचलची मुलेबाळे इस्रायलला गेली आहेत. ती कोकणातल्या दांडा गावी एकटी राहते, सभास्थानाची झाडलोट करते, आणि ती जागा विकली जाऊ नये म्हणून उभी राहते. प्रत्येक प्रकरणात एक पाककृती आहे. सादियाबाईंची रेचल घर सोडून गेली आणि नाव पेटीत ठेवून गेली. एस्थरबाईंची रेचल घर धरून बसली आहे. कलाकृती म्हणून आम्ही एस्थरबाईंच्या रेचलला वरचे स्थान देऊ, कारण तिच्या वारशाला चव आणि वास आहे. मात्र कादंबरीतली रेचल लेखिकेच्या हातातली आहे, आणि आत्मकथनातली रेचल शेवटपर्यंत नातीच्या हाती पूर्णपणे लागत नाही. आत्मकथनाचा हा दोष नव्हे. तो त्याचा प्रामाणिकपणा आहे, आणि म्हणूनच ते कादंबरीपेक्षा अधिक छळते.

तिसरे नाव मीरा महादेवन यांचे. बांधकामावरच्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघरे काढणाऱ्या ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेच्या संस्थापक म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. त्या मूळच्या मिरियम, बेने इस्राएल घरातल्या. ‘अपना घर’ ही आपल्या समाजावरची कादंबरी त्यांनी १९६१ साली हिंदीत लिहिली. अहमदाबादेत वाढलेल्या शीला रोहेकर यांनीही ‘मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा’ ही कादंबरी २०१३ साली हिंदीतच लिहिली. इंग्रजीत दोघी, हिंदीत दोघी. ज्या भाषेत यांच्या आज्या बोलल्या त्या भाषेतली पाचवी आम्ही शोधीत आहोत. मराठी समीक्षेने यांची दखल घ्यायची ती ‘इतर भाषांतील लेखिका’ म्हणून की आपल्याच माणसांची पुस्तके म्हणून, हे एकदा ठरविले पाहिजे.

आता थोडे आपल्या घरातले. शासकीय सेवेत असताना वारसाईची प्रकरणे आमच्या नजरेखालून गेली. गुजरातेत त्यासाठी पेढीनामे जोडावे लागते. जुन्या पेढीनाम्यांत स्त्रीचा उल्लेख ‘बाई अमुक, ते तमुकची विधवा’ एवढाच असे. ती कोणाची लेक, तिचे जन्मनाव काय, याला रकाना नव्हता. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुलींची नावे वडिलार्जित मिळकतीत हक्काने लागू लागली. तिथपासून पुढच्या स्त्रिया कागदावर सापडतील. त्याच्या मागच्या मात्र कागदावर सापडणार नाहीत. अलीकडच्या कुलवृत्तांतांनी सुनांची माहेरची नावे देण्यास सुरुवात केली, ही चांगली गोष्ट. तरी मागच्या पिढ्यांपुढे ‘नाव उपलब्ध नाही’ असे येतेच, आणि ते ‘उपलब्ध नाही’ म्हणजे बहुतेक वेळा कोणी विचारले नाही.

ज्या घरात पिन नाही त्या घरात भांडी असतात. सासरहून आलेली, माहेरहून आलेली, आहेरात आलेली. त्यांवर नावे घालून घ्यायची आपली जुनी रीत आहे. आमच्या मांडवीच्या परिसरातल्या जुन्या घरांतून, घर विकताना किंवा पाडताना, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी पोत्यांत भरून निघतात आणि मोडीच्या भावाने वजनावर जातात. तोलणाऱ्याला अक्षरांशी कर्तव्य नसते, आणि देणाराही वाचून पाहत नाही. वाचणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. ‘सौ.’ लिहून पुढे जे नाव असेल ते सासरचे, तांदळात लिहिलेले. परंतु लग्नापूर्वी माहेरच्या मंडळींनी केलेल्या आहेरावर ‘चि. सौ. कां.’ अशी अक्षरे घालीत, आणि ती घातली तेव्हा नवे नाव अजून मिळालेले नसे. एखाद्या कळशीच्या काठावर, घंगाळाच्या कडीखाली, काळवंडलेल्या पितळेवर चिंच लावून घासले तर ती दिसतात : चि. सौ. कां., मग एक नाव, मग ‘हिस मामाकडून’ आणि एखादा शक. त्या नावाची मुलगी घरातल्या कोणत्याही वंशवृक्षावर नसते.